'फोर्क: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल': मधूनच येणारा हा एरर नेमका कशाचा?

"दादा, परत तसंच करायलंय बघ."

२०२१ च्या दिवाळीआधी माझ्या चुलतभावाचा असा फोन दोन-तीन दिवसांआड यायचा. तेव्हा मी सोलापुरात घरूनच काम करत होतो. काकांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. भाऊ रोज संध्याकाळी नव्या डिझाइनचे फोटो मोबाइलवर काढायचा आणि लॅपटॉपवर घ्यायचा. पुढचं काम एक बॅश स्क्रिप्ट करायची: फोटो लहान करायचे, कोपऱ्यात डिझाइन नंबर छापायचा आणि व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला फोल्डर तयार ठेवायचं. स्क्रिप्ट मी लिहिलेली. लॅपटॉप जुना, ३२-बिट विंडोजचा, ४ जीबी रॅमचा. त्यावर मी सिग्विन टाकून दिलं होतं.

दहातले आठ दिवस सगळं नीट चालायचं. एखाद्या दिवशी मध्येच काळ्या खिडकीत ओळ उमटायची: 'फोर्क: रिट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'. मग काही सेकंद सामसूम, पुन्हा तीच ओळ, आणि शेवटी कधी काम व्हायचं तर कधी नाही. मी फोनवर एकच सांगायचो, "बंद कर, परत चालव." परत चालवलं की चालायचं. तीन आठवडे मी असंच सांगत राहिलो, आणि ही माझी चूक होती. पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी फोर्क म्हणजे काय ते बघू. कारण ही गोष्ट तुमच्या खिशातल्या फोनमध्येही दिवसभर चालू असते.

फोनमधला फोर्क

अँड्रॉइड फोन चालू होताना त्यात 'झायगोट' नावाची एक प्रोसेस जन्माला येते. दहावीच्या विज्ञानात युग्मनज शिकलात ना, त्याचंच हे इंग्रजी नाव. सगळ्या ॲप्सना लागणारं सामाईक सामान ही प्रोसेस आधीच मेमरीत भरून तयार बसते. तुम्ही एखादं ॲप उघडलं की झायगोट स्वतःची एक प्रत काढते आणि त्या प्रतीत ते ॲप सुरू होतं. या प्रत काढण्यालाच फोर्क म्हणतात. म्हणून ॲप शून्यापासून सुरू होत नाही, बरंच सामान भरलेल्या घरात राहायला येतं.

लिनक्समध्ये (आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे) ही प्रत फार स्वस्तात निघते. खरंतर कर्नल सगळी मेमरी कॉपी करतच नाही. आई आणि मूल दोघं तीच पानं वापरतात. एखाद्यानं पानावर काही लिहायला घेतलं, की तेवढ्या पानाची वेगळी प्रत निघते.

बॅश ही अशीच फोर्कवर जगणारी गोष्ट आहे. तुम्ही एखादी कमांड देता तेव्हा बॅश आधी स्वतःची प्रत काढतं आणि त्या प्रतीच्या जागी ती कमांड उभी राहते. शंभर ओळींची स्क्रिप्ट म्हणजे शंभरेक जन्म, आणि लूप असेल तर हजारो.

विंडोजवर मात्र कसरत

विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये फोर्क नावाचा प्रकारच नाही. तिथे 'क्रिएट प्रोसेस' आहे. नवा प्रोग्राम कोरा सुरू करायचा असेल तर ते उत्तम चालतं, पण चालू असलेल्या प्रोग्रामची हुबेहूब प्रत ते काढत नाही.

सिग्नस सोल्युशन्स या कंपनीत १९९५ मध्ये सिग्विन सुरू झालं ते युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालावेत म्हणून. आज गिट फॉर विंडोजसोबत जी गिट बॅश येते तिच्याखाली एमसिस२ आहे, आणि एमसिस२ सिग्विनच्याच कोडवर उभं आहे. म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गिट टाकलं असेल, तर हे जुगाड तुमच्याही मशिनवर आहे. जुगाड हा शब्द मी कौतुकानं वापरतोय.

ते असं चालतं. सिग्विन आधी त्याच प्रोग्रामची एक नवी, कोरी प्रोसेस सुरू करतं. मग आई-प्रोसेसमधला डेटा, हीप, स्टॅक हे सगळं उचलून मुलाच्या मेमरीत त्याच पत्त्यांवर ओततं. शेवटी मुलाला सांगतं, "आई जिथे थांबली होती तिथूनच तू पुढे चाल."

इथे 'त्याच पत्त्यांवर' हे शब्द महत्त्वाचे. समजा तुमच्या आईनं वहीत लिहून ठेवलंय, "मीठ तिसऱ्या फळीवर, दुसऱ्या डब्यात." तुम्ही शिकायला पुण्याला गेलात आणि तीच वही घेऊन स्वयंपाकाला लागलात. नव्या खोलीत फळ्या आणि डबे अगदी तसेच असतील तरच ती वही कामाची. प्रोग्रामची मेमरी अशा नोंदींनी भरलेली असते: अमुक फंक्शन तमुक पत्त्यावर आहे. म्हणून आईकडे जी डीएलएल फाइल ज्या पत्त्यावर बसली होती, मुलाकडेही ती बरोब्बर तिथेच बसावी लागते. बसली नाही तर सिग्विन त्या मुलाला मारून टाकतं. चुकीच्या पत्त्यावर चालू देण्यापेक्षा ते बरंच.

जागा कोण अडवतं?

खोलीत तुम्ही पोचण्याआधीच वॉचमननं त्याची ट्रंक तिसऱ्या फळीवर ठेवली असेल तर? नेमकं हेच होतं, आणि वॉचमन म्हणजे बहुतेक वेळा अँटिव्हायरस.

बरेच अँटिव्हायरस, स्क्रीनवर काहीतरी दाखवणारी सॉफ्टवेअर्स, वेबकॅम किंवा ऑडिओ ड्रायव्हरसोबत येणारी खेळणी स्वतःची डीएलएल प्रत्येक नव्या प्रोसेसमध्ये घुसवतात. ती आधी जाऊन बसली आणि नेमकी आईच्या एखाद्या डीएलएलच्या पत्त्यावर बसली, की सिग्विनची फाइल तिथे येऊ शकत नाही. सिग्विनवाल्यांनी अशा सॉफ्टवेअर्सची यादीच ठेवली आहे, नाव 'बिग लिस्ट ऑफ डॉजी ॲप्स'. नावातूनच वैताग कळतो.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. हॅकरला पत्ते ओळखता येऊ नयेत म्हणून विंडोज प्रोग्रामचे भाग मुद्दाम वेगवेगळ्या पत्त्यांवर टाकतं. याला एएसएलआर म्हणतात. विंडोजमध्ये ते व्हिस्टापासून आहे. सिग्विनच्या डीएलएलना यातून सूट असते, त्या ठरलेल्या पत्त्यावर बसतात. पण विंडोज सिक्युरिटीच्या 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन' पानावर 'फोर्स रँडमायझेशन फॉर इमेजेस' नावाचं एक बटण आहे. ते मुळात बंद असतं. कुणी 'लॅपटॉप हॅकप्रूफ करा' छाप व्हिडिओ बघून चालू केलं, की सूट रद्द होते आणि गिट बॅशची खिडकी उघडताक्षणी मरू शकते. तेव्हा हा एरर मधूनच येत नाही, कायमच येतो. त्यामुळे ओळखायला सोपा.

मग आमचा एरर कधी यायचा आणि कधी नाही, असं का? कारण विंडोज प्रत्येक नव्या प्रोसेसमध्ये हीप, स्टॅक यांची जागा थोडी इकडेतिकडे करतं. घुसलेली डीएलएलही दर वेळी तिथेच पडेल असं नाही. बहुतेक वेळा कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही, एखाद्या वेळी देतं. ३२-बिट विंडोजमध्ये एका प्रोसेसला साधारण २ जीबी एवढाच पत्त्यांचा प्रदेश मिळतो, म्हणजे एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखं. ६४-बिटवर हाच प्रदेश विंडोज ८.१ पासून १२८ टीबी आहे. तिथे धक्का लागायची शक्यता एकदम घटते, पण संपत नाही. सिग्विननं डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीपासून ३२-बिट बंदच केलं.

एररमधला 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' हा मजकूर इथे दिशाभूल करतो. युनिक्समध्ये हा एरर नंबर ११. अर्थ असा की आत्ता जमत नाही, नंतर बघा. लिनक्सवर तो सहसा प्रोसेसची मर्यादा संपल्यावर येतो. सिग्विनमध्ये फोर्क कोणत्याही कारणानं फसला तरी बऱ्याचदा हाच नंबर पुढे केला जातो. तो वाचून मी आधी रॅम कमी पडते असं समजलो आणि क्रोमचे टॅब बंद करायला सांगत बसलो. खरं कारण त्याच्या वरच्या ओळीत होतं: अमुक डीएलएलला लागणारी जागा 'ऑलरेडी ऑक्युपाइड' आहे. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

(रॅमचं कारण कधी खरंही असतं. विंडोज रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढं होतं त्यापेक्षा जास्त मेमरीचं वचन कुणालाच देत नाही. गेमिंग टिप्स बघून कुणी पेजफाइल बंद केली असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर फोर्क खरोखर मेमरीअभावी फसू शकतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीखाली 'कमिटेड' आकडा बघा. तो मर्यादेला टेकला असेल तर आधी पेजफाइल परत चालू करा.)

त्या रात्री काय झालं

दिवाळीचा माल निघायचा होता. त्या दिवशी सुमारे ४०० फोटो होते. माझी स्क्रिप्ट फोटोमागे सहा कमांड चालवायची: नाव कापायला एक, नंबर काढायला एक, लहान करायला एक, असं करत. म्हणजे २४०० फोर्क. आता जरा गणित करू. समजा हजारातला एकच फोर्क फसतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २४०० च्या २४०० नीट होण्याची शक्यता म्हणजे ०.९९९ चा २४०० वा घात, म्हणजे शंभरात ९. इतके दिवस फोटो ३०-४० च असायचे, म्हणून बहुतेक वेळा सुटत होतो.

फोर्क फसला की बॅश लगेच हार मानत नाही. १ सेकंद थांबतं, मग २, मग ४, मग ८. म्हणजे १५ सेकंदांत चार वेळा पुन्हा प्रयत्न करतं. भावाला दिसणारी सामसूम ती हीच. त्यानंतरही जमलं नाही तर तो शेल संपतो.

आता माझी चूक. स्क्रिप्टमधला फोटोंचा लूप मी पाइपच्या उजव्या बाजूला लिहिला होता. अनेकांची ही सवय असते. पण बॅशमध्ये असा लूप मुख्य शेलमध्ये चालत नाही, तो एका उप-शेलमध्ये चालतो. ३७७ फोटो झाल्यावर फोर्क फसला, तो उप-शेल मेला, आणि मुख्य स्क्रिप्ट काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या ओळीवर गेली.

पुढची ओळ तपासणीची होती: किती फोटो राहिले ते मोजायचं आणि आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. मोजणीही उप-शेलमध्येच चालते. तिथेही फोर्क फसला. व्हेरिएबलमध्ये २३ यायला हवे होते, आलं काहीच नाही, रिकामं. त्याच्या पुढची अट होती: राहिलेले शून्य असतील तर मूळ फोटो डिलीट कर. आणि बॅशच्या दुहेरी चौकटी कंसात आकड्यांची तुलना करताना रिकामी जागा शून्य धरली जाते! एकेरी कंस वापरला असता तर निदान 'हा आकडाच नाही' म्हणून बॅशनं बोंब मारली असती. मी 'आधुनिक' म्हणून दुहेरी वापरला होता.

मूळ फोटो गेले. कमांडनं डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. ३७७ च्या लहान प्रती होत्या, २३ चं काहीच नव्हतं. भावाच्या फोनच्या ट्रॅशमध्ये त्यातले १४ सापडले, कारण ते त्यानं गॅलरीतून डिलीट केले होते. उरलेले ९ त्यानं केबल लावून लॅपटॉपवरून कट-पेस्ट केले होते, आणि तसं हलवलेलं गॅलरीच्या ट्रॅशमध्ये येत नाही. त्या ९ डिझाइनचे सॅम्पल आदल्या दिवशीच कुरिअरनं मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. काकांना त्या व्यापाऱ्याला फोन करून "आमच्याच टॉवेलचे फोटो काढून पाठवा" असं सांगावं लागलं. काका मला काही बोलले नाहीत. फक्त जेवताना विचारलं, "तुमच्या कंपनीतपण असंच परत चालव म्हणतात का रे?"

मग काय केलं, आणि तुम्ही काय करावं

दुसऱ्या दिवशी बसून पहिल्यांदा पूर्ण एरर वाचला. त्यात डीएलएलचं नाव आणि पत्ता दोन्ही होतं. सिग्विन सगळं बंद करून 'रिबेसऑल' चालवलं. ही कमांड सगळ्या डीएलएलना एकमेकांत न अडकणारे नवे पत्ते वाटून देते. ती बॅशमधून चालवायची नाही, कारण बॅश स्वतःच काही डीएलएल वापरत बसलेलं असतं आणि वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून 'डॅश' हा छोटा शेल उघडून त्यात चालवायची. आता हे आणखी सोपं झालंय: 'रिबेस-ट्रिगर' कमांडला 'फुल' सांगायचं, सिग्विनच्या सगळ्या खिडक्या आणि सर्व्हिस बंद करायच्या, आणि सिग्विनचा सेटअप पुन्हा चालवायचा. बाकी तो बघतो.

रिबेसनं एरर बराच कमी झाला, गेला नाही. मग अँटिव्हायरसकडे वळलो. सिग्विनचं फोल्डर स्कॅनमधून वगळून पाहिलं, काही फरक नाही. कारण फोल्डर वगळलं म्हणजे फाइल तपासणं थांबतं, डीएलएल घुसवणं थांबेलच असं नाही. काही सॉफ्टवेअर्स तर 'डिसेबल' करूनही घुसतात, पूर्ण काढल्यावरच गप्प बसतात. आम्ही तो अँटिव्हायरस काढला आणि विंडोजचा डिफेंडर ठेवला. त्यानंतर एरर दिसला नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर हे स्वतःच्या मनानं करू नका. आयटीवाल्यांना त्या एररची पूर्ण ओळ दाखवा, काम लवकर होतं.

गिट बॅशची खिडकी दर वेळी उघडतानाच मरत असेल, तर आधी ते सक्तीच्या रँडमायझेशनचं बटण बघा. ते सगळ्या मशिनसाठी बंद करायचं नसेल तर त्याच पानावर 'प्रोग्राम सेटिंग्ज'मध्ये गिटच्या बिन फोल्डरमधल्या प्रोग्राम्सपुरती सूट देता येते. मला हाच मार्ग योग्य वाटतो. सुरक्षा उगाच काढून टाकायची नाही.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र फोर्क कमी करण्याचा झाला. नाव कापणं, नंबर वेगळा काढणं ही कामं बॅश स्वतःच्या पोटात करू शकतं, त्यासाठी बाहेरची कमांड लागत नाही. आणि फोटो लहान करायला इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' कमांड एकाच प्रोसेसमध्ये सगळे फोटो घेते, फाइलच्या नावावरून नंबरही छापते. २४०० फोर्कचे दहा-बारा झाले. हजारात एक हाच हिशोब धरला तर यशाची शक्यता शंभरात ९ वरून ९९ च्या आसपास गेली. स्क्रिप्टही कितीतरी वेगात संपू लागली, कारण सिग्विनचा प्रत्येक फोर्क मेमरी खरोखर कॉपी करतो आणि म्हणून महाग पडतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट' कमांडला उणे ई आणि पाइपफेल हे दोन पर्याय दिले, म्हणजे काही फसलं की पुढे न जाता तिथेच थांबायचं.

नवीन ६४-बिट मशिन असेल तर माझं सरळ मत: डब्ल्यूएसएल वापरा. २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या डब्ल्यूएसएलमध्ये विंडोजच्या कर्नलनंच फोर्कची सोय केली होती. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज अपडेटमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तर खरा लिनक्स कर्नलच चालतो. ओतण्याची कसरतच नाही, त्यामुळे हा एररही नाही. विंडोजच्या फाइल्सवर थेट काम करायचं असेल तर मात्र डब्ल्यूएसएल २ तिथे बऱ्यापैकी हळू आहे, आणि सिग्विन किंवा एमसिस२ अजूनही सोयीचं पडतं.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी काहींनी लॅपटॉप नाही म्हणून फोनवर टर्मक्स टाकलं असेल. तिथे फोर्क अस्सल लिनक्सचा आहे, तो पत्त्यांवरून फसत नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून एक वेगळाच पाहुणा आहे. ॲपनं फोर्क करून काढलेल्या मुलांना अँड्रॉइड 'फँटम प्रोसेस' म्हणतं, आणि सगळ्या ॲप्सची मिळून अशी ३२ च मुलं जगू देतं. जास्त झाली की मारायला सुरुवात. टर्मक्समध्ये अचानक 'प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९' दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं. विंडोजवर मूल जन्मालाच येत नाही, इथे जन्मल्यावर मारलं जातं. नव्या अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चाइल्ड प्रोसेसवरची बंदी उठवायचं बटण मिळतं.

काकांचा तो लॅपटॉप गेल्या वर्षी स्क्रीनसकट गेला. स्क्रिप्ट आता भावाच्या फोनवरच टर्मक्समध्ये चालते. एका मॉग्रिफायला ३२ ची मर्यादा कधी आडवी येत नाही. डिलीटची ओळ मी काढून टाकली. स्क्रिप्ट मूळ फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये हलवते, आणि रविवारी भाऊ ते स्वतः बघून, मोजून डिलीट करतो.